फियाटला रेनकोट घातला आणि ती आतून भिजली

काका, नमस्कार. मी पुण्यात नोकरी करते, गावचं घर गुहागरजवळ, समुद्र घरापासून चालत दहा मिनिटं. आजोबांची १९६७ ची फियाट अकराशे डी अजून आमच्याकडे आहे आणि चालू आहे, म्हणजे आठ महिने चालू आहे. मिरग लागला की तिचं नाटक सुरू. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, गाडी ढिम्म. अकरा-बाराला ऊन पडलं की जसं काही झालंच नाही अशी पहिल्या झटक्यात सुरू. गेल्या पावसाळ्यात प्लग बदलले, कॉइल बदलली, बॅटरी नवी घेतली, सात-आठ हजार गेले, फरक शून्य. यंदा शेजारच्या दादांनी डिस्ट्रिब्युटर आणि कॉइलला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून वरून काळी टेप मारून दिली. आता दुपारीपण सुरू होत नाही! चिपळूणचे एक मेकॅनिक म्हणतात इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाका, भाऊ म्हणतो डब्ल्यूडी-४० मार, कोणी म्हणतं टोपीच्या कडेनं सिलिकॉन भर. आई रोज सकाळी पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवायची, ते बरोबर की चूक? आणि एक गंमत, आई सांगते की पावसाळ्यात आजोबा रात्री गाडीतून काहीतरी काळं वाटीसारखं काढून घरात आणायचे आणि चुलीजवळच्या फडताळात ठेवायचे. ते काय असेल? मला अगंतुगं केलंत तरी चालेल.

---

अगं, आधी ती पिशवी काढ. हे पुढचं वाचायच्या आधी घरी फोन करून काढायला सांगितलीस तरी चालेल, मी थांबतो.

शेजारच्या दादांनी मायेनंच केलंय, त्यांना काही बोलू नकोस. (नवख्यांसाठी: कॉइल ठिणगीची जास्त दाबाची वीज बनवते, डिस्ट्रिब्युटर ती पाळीपाळीनं चार प्लगना वाटतो, आणि टोपी म्हणजे त्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण.) पण झालंय काय, की पिशवी बांधली तेव्हा आत जी हवा कोंडली गेली ती जूनमधली कोकणातली हवा, म्हणजे अर्धी वाफच. दिवसा इंजिन तापलं की ती फिरते, रात्री लोखंड गार पडलं की त्याच वाफेचे थेंब होतात आणि नेमके टोपीवर, वायरींवर, कॉइलच्या डोक्यावर बसतात, आणि बाहेर जायला वाट नाही. आधी निदान अकरा वाजता ऊन-वारा लागून सुकत तरी होतं, आता तेही बंद. रेनकोट घालून चढ चढल्यावर शर्ट बाहेरून नाही, आतून भिजतो ना, तसं.

दुसरं एक कारण आहे जे फार कमी लोकांना माहीत असतं. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या आत रोटर फिरतो आणि रोटरच्या टोकातून टोपीतल्या पितळी खुंट्यांवर ठिणगी उडी मारते, ३००० आरपीएमला सेकंदाला १०० वेळा. हवेत ठिणगी उडाली की ओझोन तयार होतो (झेरॉक्सच्या दुकानात तो एक उग्र वास येतो बघ, तो) आणि सोबत नायट्रोजनचे ऑक्साइड, आणि त्यांना ओल मिळाली की नायट्रिक ॲसिड. थेंबभरच असेल, पण पितळ आणि पॉइंट (कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन टिकल्या) खायला तेवढं पुरतं. म्हणून डिस्ट्रिब्युटर बनवणारे त्याला हवा जायला बारीक वाट ठेवतात. ती पिशवीनं बुजवायची नाही आणि सिलिकॉननं तर अजिबातच नाही. बाथरूमला लावतात ते स्वस्त सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा वास मारतं, ते ॲसेटिक ॲसिडच असतं, तांब्या-पितळेला हिरवं करून ठेवतं.

तर माझं म्हणणं एवढंच की पाणी अडवायच्या मागे लागू नकोस, स्वच्छ ठेव आणि वारा लागू दे. बाकी सगळं त्यातूनच येतं.

आता तुझ्या गाडीचं निदान. ते तूच लिहिलंयस पत्रात. सकाळी बंद, ऊन पडल्यावर चालू, म्हणजे कॉइल मेलेली नाही, टायमिंग हललेलं नाही, कार्बोरेटर बरा आहे. मेलेलं काही अकरा वाजता जिवंत होत नाही. करंट तयार होतोय पण प्लगपर्यंत पोचायच्या आधी वाटेत गळतोय. कॉइलमधून निघणारा करंट १५-२० हजार व्होल्टचा असतो, आणि तेवढ्या दाबाला प्लगच्या फटीतून उडी मारण्यापेक्षा एखाद्या ओल्या कळकट वायरीवरून सरपटत इंजिनच्या लोखंडात उतरणं सोपं वाटलं तर तो तिकडेच जाणार, पाण्यासारखाच आहे तो, उतार शोधतो. त्यात सेल्फ मारताना बॅटरी १२ वरून ९-१० व्होल्टवर येते, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच कॉइलला दाणापाणी कमी. म्हणून काही वेळा उतारावर धक्का मारून गाडी सुरू होते आणि सेल्फवर होत नाही, सेल्फ मोटर बॅटरी खात नाही ना तेव्हा.

आणि खरा गुन्हेगार नुसतं पाणी नाही बरं का. स्वच्छ पावसाचं पाणी वीज फारशी वाहून नेत नाही. तुझ्याकडे समुद्र दहा मिनिटांवर, म्हणजे वर्षभर खाऱ्या वाऱ्यानं टोपीवर, वायरींवर मिठाचा पापुद्रा चढतो, त्यावर धूळ, त्यावर इंजिनचं तेल. उन्हाळ्यात तो कोरडा असतो म्हणून कळत नाही. पावसाळ्यात मीठ हवेतली ओल ओढून घेतं, आपल्या स्वयंपाकघरातलं मिठाचं भांडं बघ जुलैत कसं होतं ते, आणि मग त्या थराचा तारेसारखा रस्ता होतो. प्लग-कॉइल-बॅटरी बदलून हा थर जातो का? नाही जात. म्हणून तुझे सात-आठ हजार गेले.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक प्रयोग सांगतो. दुपारी गाडी चालू होते (पिशवी काढल्यावर होईल परत, कशी ते खाली सांगतो) तेव्हा नको, संध्याकाळी अंधार पडल्यावर परत सुरू कर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून. आधी नाकानं नीट वास घे, कुठे पेट्रोल झिरपत असेल तर हा प्रयोग करायचाच नाही. ओढणी, मोकळे केस, सैल बाह्या सगळं बांधून घे कारण पंखा समोरच फिरतोय. बॉनेट उघडून आजूबाजूचे दिवे बंद कर, लाइट जायची वाट बघितलीस तरी हरकत नाही, आपल्याकडे ती सोय आहे. कपड्यांना इस्त्री करताना पाणी मारतो तो स्प्रे घेऊन अगदी धुक्यासारखा फवारा वायरी, टोपी आणि कॉइलच्या डोक्यावर मार. आणि बघ. जिथे गळती आहे तिथे निळे काजवे चमकतील. कधी वायर इंजिनला टेकते तिथे, कधी टोपीच्या दोन बुरुजांच्या (वायरी खुपसतात त्या उंचवट्यांच्या) मधे, कधी कॉइलच्या तोंडाशी. इंजिन त्याच वेळी अडखळेल. हात लावायचा नाही कशालाही, २० हजार व्होल्टचा झटका सहसा मारून टाकत नाही पण माणूस दचकून मागे होतो तो पंख्यात हात घालतो किंवा बॉनेटवर डोकं आपटतो. कोणाला पेसमेकर असेल तर त्यांना लांबच बसव.

काजवे दिसले की अर्धं काम झालं. आता सफाई.

टोपी काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढ आणि वायरींवर खुणा कर, आईच्या जुन्या नेलपॉलिशचे एक-दोन-तीन-चार ठिपके दिलेस तरी पुरे. या इंजिनचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२ आहे, वायरी उलटसुलट झाल्या की सायलेन्सरमधून बार उडतात आणि अख्खा वाडा गोळा होतो, स्वानुभव आहे.

आणि इथे बहुतेक मेकॅनिक जी चूक करतात ती तू करू नकोस. ते टोपी पेट्रोलनं पुसतात. पेट्रोलनं तेल जातं, मीठ जात नाही! मीठ पेट्रोलमध्ये विरघळतच नाही, पाण्यात विरघळतं. म्हणजे ओलीपासून वाचवायच्या वस्तूला आधी पाण्यानं धुवायचं, ऐकायला उफराटं वाटतं पण तसंच आहे. टोपी आणि रोटर गाडीतून बाहेर काढ, भांड्याचा साबण आणि मऊ ब्रशनं आतून-बाहेरून धू, बुरुजांच्या भोकांतसुद्धा, मग गोड्या पाण्यानं भरपूर खळबळ, आणि खडखडीत वाळू दे. घाई असेल तर हेअर ड्रायर. त्यानंतर हवं तर औषधाच्या दुकानातल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक हात. सॅनिटायझर चालेल का असं विचारशील म्हणून सांगतो, नको, त्यात बरेचदा पाणी आणि ग्लिसरीन असतं आणि ग्लिसरीन परत ओल ओढतं.

धुतलेली टोपी उन्हात तिरकी धरून आतून बघ. दोन पितळी खुंट्यांच्या मधे किंवा मधल्या कार्बनपासून कडेला पेन्सिलनं ओढल्यासारखी काळी नागमोडी रेघ दिसली तर ती मळ नाही, ती जळालेली वाट आहे. टोपीचं बेकेलाइट (जुनं कडक प्लास्टिक) एकदा तिथे जळून कोळसा झालं की ती कायमची तार. खरवडून, पॉलिश पेपर मारून चार दिवस चालते आणि परत तिथूनच. अशी टोपी टाकून द्यायची. केसासारखी चीर असली तरी टाकायची, बाहेरून पुसून काही होणार नाही कारण ओल चिरेच्या आत बसते. मधला छोटा कार्बन स्प्रिंगवर दाबला जातो आणि वर येतो ना ते बघ. रोटरच्या पितळी पट्टीच्या खाली जळल्याची खूण असेल तर तोही बदल.

नवीन टोपी घेताना जुनी सोबत ने. गाड्या एवढी वर्षं चालल्यात की कोणाच्या अकराशेवर नंतर पद्मिनीचा डिस्ट्रिब्युटर बसलेला असतो आणि मालकाला पत्ता नसतो, दुकानदार ‘फियाटचीच आहे’ म्हणून जी देतो ती अर्धा मिलिमीटर हलते. सामान अजून मिळतं पण आटत चाललंय, ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, त्या टॅक्स्यांच्या जिवावरच तर कुर्ल्यात बनलेल्या या गाड्यांचा पार्टबाजार जिवंत होता. चांगली टोपी, रोटर, पॉइंट, कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरतो तो) दिसला की एकाच्या जागी दोन घेऊन ठेव.

वायरींचं काय, तर त्या काढून हातात वाकवून बघ. रबर कडक झालंय, वाकवल्यावर बारीक चिरा दिसतात, मग पुसत बसू नकोस, बदल. नवीन घेताना सिलिकॉनच्या वेष्टणाची घे, कापसाची वीण किंवा जुनं साधं रबर नको (मूळपणाचा फार हट्ट असलेले लोक वीणवाल्या वायरी लावतात, फोटोत छान दिसतात, आणि मग पावसाळ्यात गाडी फोटोतच राहते). टोपीच्या प्रत्येक बुरुजावर, कॉइलच्या तोंडावर आणि प्लगवर रबराचा बूट हवाच, आणि तो घट्ट बसायला हवा. बुटाच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक ग्रीस, म्हणजे सिलिकॉनचं पांढरं ग्रीस, बोटानं पातळ फिरव. ते वीज वाहून नेत नाही, पाणी अडवतं आणि रबर मऊ ठेवतं. धातूला धातू लागतो तिथे थापायचं नाही. साधं चेसिस ग्रीस वापरू नकोस, रबर फुगतं. एवढीच एक जागा आहे जिथे मी ‘बंद कर’ म्हणतोय, बाकी सगळीकडे उघडं. आणि वायरी एकमेकींना किंवा इंजिनला टेकून लोळत असतील तर त्यांना वेगवेगळं बांध.

आता पिशवी बांधल्यापासून दुपारीही का सुरू होत नाही ते. मला दाट शंका पॉइंटची आहे. पॉइंटच्या दोन टिकल्या दिवसेंदिवस त्या कोंडलेल्या हवेत राहिल्या की त्यांच्यावर ऑक्साइडचा करडा थर चढतो. डोळ्याला टिकल्या मिटलेल्या दिसतात, विजेला उघड्याच. तपासायला १२ व्होल्टचा साधा टेस्ट लॅम्प घे, कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरकडे जी बारीक वायर जाते त्या टर्मिनलला एक टोक आणि इंजिनच्या स्वच्छ धातूला दुसरं, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांग. दिवा उघडझाप करायला हवा. सतत पेटलेलाच राहिला तर पॉइंट करंट घेत नाहीयेत. अजिबात पेटला नाही तर एक तर कॉइलपर्यंत करंटच येत नाहीये, नाहीतर पॉइंट किंवा कंडेन्सर कुठेतरी बॉडीला लागलाय.

पॉइंट साफ करताना पॉलिश पेपर नको, त्याची कणी टिकलीत रुतते आणि मग तिथे जळत राहतं. पॉइंटची बारीक कानस मिळते ती दोनदा हलकेच फिरव, मग एखादं जाड व्हिजिटिंग कार्ड स्पिरिटमध्ये बुडवून टिकल्यांच्या मधून ओढ, ते स्वच्छ निघेपर्यंत. लग्नपत्रिकेचा चकचकीत कागद नको, साधा. गॅप फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) बघायचा, या इंजिनला साधारण ०.४ ते ०.५ मिमीच्या मधे, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असेल तो धर. पॉइंट उघडणाऱ्या कॅमवर ग्रीसचा मुगाएवढा थेंब, जास्त नाही, उडून पॉइंटवर गेलं की परत तीच रड. टिकल्या एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खड्डा अशा झाल्या असतील तर पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही बदलून टाक. आणि एक, इग्निशन चालू ठेवून ही कामं करायची नाहीत, पॉइंट मिटलेले असले की कॉइलमधून करंट वाहत राहतो आणि तुझी नवी कॉइल उगाच भाजते.

जाता जाता इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टी आणि बॅटरीचे टर्मिनल काढून चकचकीत करून परत आवळ. समुद्राजवळ ही पट्टी आतून कुजते. इग्निशन स्विचच्या मागच्या पिनांचंही तेच.

भावाच्या डब्ल्यूडी-४० बद्दल. तो अगदीच चुकीचं सांगत नाहीये, डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणारं, १९५३ साली अमेरिकेत ते बनलंच त्यासाठी. रस्त्यात अडकलीस, टोपी ओली आहे, कापड सुकं नाही, तर एक फवारा मारून, पुसून, पाच मिनिटं वास उडू देऊन मग सेल्फ मार. वास उडू दे हे महत्त्वाचं, टोपीच्या आत ज्वलनशील वाफ आणि त्यात ठिणगी म्हणजे टोपीचा सुतळी बॉम्ब. पण रोज सकाळी देवाला फुलं वाहिल्यासारखं मारत बसलीस तर तेलकट थर राहतो, त्यावर धूळ चिकटते, त्यात मीठ मिसळतं आणि तू नवीन रस्ता बांधून देतेस. पॉइंटवर तर कधीच नाही.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन? चांगली वस्तू आहे, मी शत्रू नाही. पॉइंट आणि कंडेन्सर जातात, त्या जागी छोटं मॉड्यूल बसतं, गॅपची कटकट संपते, पॉइंट गंजायचा प्रश्न संपतो. पण तुझी गळती टोपी, रोटर आणि वायरींवर आहे, आणि त्या तिन्ही इलेक्ट्रॉनिकमध्येही तशाच राहतात, उलट दाब थोडा वाढला तर गळती जास्तच. म्हणजे छप्पर गळतंय म्हणून फरशी बदलल्यासारखं होईल. आणि मॉड्यूल गेलं की गेलं, पॉइंट मात्र तुमच्याकडच्या शृंगारतळीच्या टपरीवरही कानशीनं घासून घरी येता येतं. तरी टाकायचंच असेल तर सफाई झाल्यावर एक अख्खा पावसाळा बघ, मग ठरव, आणि काढलेलं मूळ सामान जपून ठेव. ५० वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. पण ती नोंदणी घेतली की रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही हेही लक्षात घे, तुला गाडीनं बाजारात जायचं असेल तर ती घाई नको.

आईचा पाच मिनिटांचा प्रश्न. आईंना सांग, माया कळते पण बंद करा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, खरंच, वाफेच्या रूपात सायलेन्सरमधून जातं. इंजिन पूर्ण तापलं नाही तर त्यातलं बरंच सायलेन्सरमध्ये आणि थोडं तेलात उतरून तिथेच बसतं. ऑइल भरायच्या झाकणाला आतून ताकासारखा पांढरा फेस दिसत असेल तर तो हाच. वर बॉनेटखाली सगळं कोमट आणि दमट, म्हणजे रात्री परत घाम. त्यापेक्षा दहा-बारा दिवसांनी उघडीप बघून एकदाच पंधरा-वीस किलोमीटर नीट फिरवून आणायची, घाट चढवून आणली तर उत्तम. आणि आल्यावर बॉनेट लगेच लावायचं नाही, तासभर उघडं ठेवायचं, गरम इंजिन स्वतःच सगळं सुकवतं.

गाडी उभी कुठे करतेस ते लिहिलं नाहीस, पण पत्र्याची शेड असणार असं धरून चालतो. पत्र्याला पहाटे आतून घाम येतो आणि तो नेमका बॉनेटवर टपकतो, तेव्हा पत्र्याखाली झावळ्या किंवा थर्माकोल काहीही लाव. जमीन सारवलेली किंवा उघड्या जांभ्याची असेल तर ओल खालून वर येते, चार महिने सरळ जमिनीवर जाड प्लास्टिक अंथर आणि त्यावर फळ्या टाकून गाडी घे. प्लास्टिक गाडीखाली, गाडीवर नाही! वरून झाकायचं तर सुती चादर, ती ताडपत्रीसारखी दिसणारी कव्हरं नकोत. पावसाच्या बाजूला झड, म्हणजे आडोसा, लाव आणि उरलेल्या बाजू उघड्या ठेव. बॉनेटखाली बल्ब लावून ठेवायची पद्धत आपल्याकडे आहे, कपड्यांच्या कपाटात लावतात तसा, पण कार्बोरेटरच्या बाजूला गरम बल्ब रात्रभर ठेवायचा माझा तरी धीर होत नाही, नको ते.

रस्त्यात डबक्याचं पाणी हा वेगळा विषय. ते वरून नाही, खालून येतं, पंखा उचलून इंजिनभर शिंपडतो. डबक्यातून पहिल्या गिअरमध्ये सावकाश जायचं, पाणी उडवत नाही. माझ्या लहानपणी मुंबईतले काही टॅक्सीवाले रेडिएटर आणि डिस्ट्रिब्युटरच्या मधे जुन्या ट्यूबचा पडदा टांगायचे, वरून आणि बाजूनं मोकळा. तेवढा आडोसा पुरतो आणि हवाही लागते, कर तसा, फक्त पंख्याच्या पट्ट्यापासून लांब बांध. विलायतेत मिनीवाले डिस्ट्रिब्युटरला भांडी घासायचा रबरी हातमोजा चढवतात, बोटांतून वायरी बाहेर काढून, कारण त्यांचा डिस्ट्रिब्युटर थेट जाळीच्या मागेच असतो. दिसतं गमतीशीर, भर पावसात प्रवासापुरतं चालेलही, पण घरी आलं की काढायचा. आणि पुराचं पाणी इंजिनपर्यंत चढलं असेल तर यातलं काहीच लागू नाही, सेल्फला हातसुद्धा लावू नकोस. २०२१ च्या जुलैत चिपळूणला वाशिष्ठीच्या पुरात बुडलेल्या कितीतरी गाड्या पाण्यानं कमी आणि नंतर घाईनं सेल्फ मारल्यानं जास्त गेल्या असं माझं मत आहे.

आणि आता आजोबा. मी पत्र वाचताना त्या ओळीवर थांबलो आणि हसलो. काळी वाटी म्हणजे डिस्ट्रिब्युटरची टोपीच गं, दुसरं काय. दोन क्लिपा उघडल्या की सुटते, वायरींसकट आणायचे की वायरी काढून ते आईला आठवत असेल तर विचार. चुलीवर नाही, चुलीजवळच्या फडताळात, म्हणजे कोमट आणि कोरडं, तडकायची भीती नाही. रात्री गाडी गारठली, पहाटे सगळ्यावर दव बसलं तरी टोपी घरात उबेला, सकाळी पुसून बसवली की एका सेल्फमध्ये सुरू. वर गाडी कोणी चोरून नेईल ही भीती नाही ती वेगळीच.

तूही तेच कर, चूल नसेल तर डबा. पाऊस सलग लागला आणि आठ-पंधरा दिवस गाडी हलणार नाही असं दिसलं की खुणा करून टोपी आणि रोटर काढ, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात मूठभर भाजलेल्या तांदळांची पुरचुंडी नाहीतर सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात ठेव, आणि उघड्या डिस्ट्रिब्युटरवर सुती फडकं बांध. डब्यावर नाव मात्र लिही, आमच्या घरी एकदा असाच डबा फराळाच्या डब्यांत गेला होता आणि गाडीची टोपी दिवाळीला सापडली.

पिशवी काढलीस की टोपीच्या आतला फोटो पाठव, काळी रेघ आहे का ते मी बघतो. तोवर नवीन काही विकत घेऊ नकोस.